वाचनालयाच्या संगणक खरेदीवर सही करावी का?

प्रश्न : मी पुण्यातील पेठेतल्या एका जुन्या शासनमान्य सार्वजनिक वाचनालयाचा कोषाध्यक्ष आहे. आमच्याकडे सुमारे ४२ हजार ग्रंथ आहेत. वाचनालयाच्या आधुनिकीकरणासाठी सार्वजनिक निधीतून १८ लाख रुपये मंजूर झाले असून ते ३१ मार्चपूर्वी खर्च करायचे आहेत. एका पुरवठादाराने १२ नवे संगणक, सर्व्हर, सर्व ग्रंथांना आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी वाचता येणारी ओळखपट्टी), दाराशी चोरी पकडणारे फाटक, टचस्क्रीनचे यंत्र आणि मोबाइल ॲप असा प्रस्ताव दिला आहे. काही वर्षांपूर्वी घेतलेले आठ संगणक चालू स्थितीत आहेत, परंतु त्यांतील पाच झाकूनच ठेवलेले असतात. त्या वेळच्या सॉफ्टवेअरमध्ये निम्म्या ग्रंथांच्या नोंदी जुन्या फॉन्टमध्ये झाल्या होत्या आणि ते बनवणारी कंपनी आता बंद झाली आहे. पुरवठादार म्हणतो की विंडोज १० ची मुदत संपल्यामुळे जुने संगणक भंगारात काढावेत. आणि ‘उरलेली दोन दरपत्रके आम्हीच आणून देतो’ असेही तो म्हणतो. आमचे अध्यक्ष वयाने व मानाने मोठे आहेत, त्यांचा हेतू स्वच्छ आहे. मी शंका काढली की ‘तुम्हाला वाचनालय मागेच ठेवायचे आहे का’ असे विचारले जाते. सही करू, विरोध करू की राजीनामा देऊ?
— एक कोषाध्यक्ष, पुणे

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपण राजीनामा देऊ नये. ज्या मंडळात हिशेबाकडे बारकाईने पाहणारा बहुधा एकच सदस्य आहे, तेथून तो उठून गेल्याने खरेदी थांबत नाही, फक्त ती तपासणारे कोणी उरत नाही. सहीबद्दल माझे मत असे आहे की, प्रस्ताव आज ज्या स्वरूपात आहे त्या स्वरूपात त्यावर सही करू नये. मात्र आपला विरोध संगणकालाच आहे असा कोणाचा समज होईल अशी भूमिकाही घेऊ नये, कारण आपल्या वाचनालयाला संगणकाची गरज खरोखरच आहे. गरज एका गोष्टीची आहे आणि विकत घेतली जात आहे दुसरीच, एवढाच आपला मुद्दा आहे आणि तो शेवटपर्यंत तेवढाच ठेवावा.

दरपत्रकांच्या बाबतीत मात्र तडजोडीला जागा नाही. ‘उरलेली दोन दरपत्रके आम्ही आणतो’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे बोलले जाते की ऐकणाऱ्याला ते सौजन्यच वाटू लागते. परंतु एकमेकांशी संबंध नसलेल्या तिघांकडून खरा भाव कळावा, यासाठीच तीन दरपत्रके मागवायची असतात. तिन्ही कागद एकानेच जमवले, तर तुलनात्मक तक्ता तयार होतो, पण तुलना झालेली नसते. पुरवठादारांनी आपसांत संगनमत करून दर भरणे २००२ च्या स्पर्धा अधिनियमाने निषिद्ध ठरवले आहे. आपली संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३४ नुसार अनियमित किंवा अनुचित खर्च आणि पैशाची हानी किंवा अपव्यय झाल्याची प्रकरणे लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात नमूद करावी लागतात, आणि त्यावर खुलासा पुरवठादाराला नव्हे, आपल्याला आणि आपल्या सहकाऱ्यांना द्यावा लागतो. अध्यक्षांचा हेतू स्वच्छ आहे असे आपण लिहिता, म्हणूनच ही बाब सर्वांत आधी त्यांच्या कानावर घालावी. त्यांचे नाव अशा कागदांखाली येऊ नये ही काळजी आपल्याइतकीच त्यांनाही वाटेल.

आता मुख्य विषयाकडे येऊ. प्रस्तावात १२ संगणक आहेत, परंतु ते कोण, कोणत्या कामासाठी आणि दिवसातून किती वेळ वापरणार, याचा उल्लेख आपल्या पत्रात कुठेही आलेला नाही. आधीच्या आठांपैकी पाच झाकून ठेवावे लागत असतील, तर संगणक कमी पडतात हे वाचनालयाचे दुखणे असू शकत नाही. खरेदी वस्तूंच्या यादीपासून सुरू झाली की असेच घडते. ती कामांच्या यादीपासून सुरू व्हायला हवी, आणि ही यादी पुरवठादाराला किंवा अध्यक्षांना करता येणार नाही, आपल्यालाही ती पुरती करता येणार नाही. ती आपले ग्रंथपाल आणि देवघेवीच्या खिडकीवर बसणारे सहायक करू शकतील. त्यांना कोणी विचारले आहे का? ज्यांना यंत्र वापरायचे असते त्यांनाच खरेदीच्या बैठकीला न बोलावण्याची आपल्या संस्थांची सवय जुनी आहे, आणि संगणकांवर सार्वजनिक पैसा वाया जाण्याची जी अनेक कारणे आहेत त्यांत हे कारण मला सर्वांत मोठे वाटते.

एखाद्या संध्याकाळी देवघेवीच्या वेळेत आपण स्वतः खिडकीजवळ बसावे. सभासद विचारतात ते प्रश्न मोजकेच असतात: अमुक पुस्तक वाचनालयात आहे का, ते आत आहे की कोणी नेले आहे, आणि नेले असेल तर कधी परत येईल. याची उत्तरे कपाटापर्यंत न जाता देता आली, तर संगणकीकरणाचे निम्मे काम साधले असे समजावे. पेठांतील अनेक वाचनालयांना जोडून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासिका असतात. आपल्याकडेही ती असेल, तर त्या मुलांनाही काय हवे ते विचारावे. मोबाइल किंवा लॅपटॉप त्यांच्याकडे बहुधा असतोच. त्यांना टेबलाजवळ प्लग, न तुटणारे वायफाय, पुरेसा उजेड आणि स्वच्छ प्रसाधनगृह हवे असते. यातील काही गोष्टी मंजूर निधीत बसतील, काही बसणार नाहीत, पण विचारल्याशिवाय ते कळणारही नाही.

या सगळ्या प्रस्तावात ज्याचा उल्लेखच नाही, पण जे खरे काम आहे, ते ग्रंथांच्या नोंदींचे. निम्म्या ग्रंथांच्या नोंदी जुन्या फॉन्टमध्ये अडकल्या आहेत आणि उरलेल्या निम्म्यांच्या झालेल्याच नाहीत. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी संगणकाच्या लेखी ते एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच नोंद निरर्थक चिन्हांची ओळ होते. तिच्यात धड शोध घेता येत नाही, की नावे अकारविल्हे लावता येत नाहीत. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत; तिच्यात देवनागरीचा समावेश १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच आहे. भारतीय लिप्या संगणकावर आणणाऱ्या जिस्ट तंत्रज्ञानाचे काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झाले आणि पुढे ते आपल्याच शहरात, सी-डॅक या शासकीय संगणक संशोधन संस्थेत वाढले. तरीही मराठी संस्थांनी वर्षानुवर्षे आपल्या नोंदी बंदिस्त फॉन्टमध्ये भरल्या, कारण विकणाऱ्याने तेच दिले आणि घेणाऱ्याने विचारले नाही. आपल्या वाचनालयात त्या वेळी कोणी किती दिवस बसून त्या हजारो नोंदी टंकित केल्या असतील याचा विचार केला, म्हणजे वाया गेलेल्या संगणकांपेक्षा वाया जाऊ घातलेल्या या श्रमांचेच अधिक वाईट वाटते. सुदैवाने ते अजून वाचवता येतील. प्रचलित जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने उपलब्ध आहेत. त्यांचे काम झाल्यावर विशेषतः पहिली वेलांटी आणि रफार जागच्या जागी आहेत ना, हे दाखल नोंदवहीशी (ग्रंथ आल्यावर ज्यात त्याची नोंद होते तिच्याशी) ताडून पाहावे लागते, कारण जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असतात आणि युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. हे काम किचकट आहे, त्याला मराठी नीट जाणणारा माणूस लागतो, आणि आपल्या १८ लाखांतील पहिला खर्च माझ्या मते याच कामावर झाला पाहिजे.

नोंदी पूर्ण नसताना आरएफआयडी घेण्यात अर्थ नाही, हे आता वेगळे सांगायला नको. टॅगमध्ये मुख्यतः ग्रंथाची ओळख पटवणारा एक क्रमांक असतो. त्या क्रमांकामागची नोंद संगणकात नसेल, तर तो क्रमांक कोणाचेच काम करत नाही. ही व्यवस्था रोज मोठी देवघेव असलेल्या, वाचकांना कपाटांत मुक्त प्रवेश असलेल्या आणि सभासदाने स्वतः पुस्तक नोंदवून न्यावे अशी सोय करू इच्छिणाऱ्या ग्रंथालयांत उपयोगाची ठरते. आपल्याकडे खिडकीवरून देवघेव होत असेल, तर प्रिंटरवर छापलेले बारकोड आणि दोन साधे स्कॅनर यांवर तेच काम फार थोड्या खर्चात होते. मोबाइल ॲपचेही तेच. ज्या यादीत निम्मे ग्रंथ नाहीत ती यादी मोबाइलवर दिसू लागली, तर आपली यादी अपुरी आहे हे अधिक लोकांना कळेल, याखेरीज काही निष्पन्न होणार नाही.

विंडोज १० बद्दल पुरवठादाराने सांगितले त्यात तथ्य आहे, पण त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मान्य करता येत नाही. मायक्रोसॉफ्टने या प्रणालीची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा व बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर लागतो, इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणून आधी एखाद्या जाणकाराकडून आठही संगणक तपासून घ्यावेत; त्यांतील काहींवर विंडोज ११ चालेलही. जे बसणार नाहीत त्यांत हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी ही अधिक वेगवान साठवण घालून, थोडी रॅम वाढवून आणि त्यांवर उबुंटूसारखी विनामूल्य लिनक्स प्रणाली बसवून देवघेव आणि ग्रंथशोध ही कामे आणखी काही वर्षे निश्चित घेता येतील, कारण वेबवर चालणारी प्रणाली घेतली तर त्यांसाठी केवळ ब्राउझर लागतो. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा आणि शिकवणाऱ्यांचा तुटवडा नाही. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना बोलावले तर ते आनंदाने मदत करतील असे मला वाटते. एखादा संगणक खरोखरच निकामी ठरला, तर त्याचे रीतसर निर्लेखन करून (म्हणजे मालमत्तेच्या नोंदीतून तो कमी करून) तो नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण संस्थेकडेच द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम त्यासाठीच आहेत. आणि देण्यापूर्वी त्यातील सभासदांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक पुसले गेल्याची खात्री करून घ्यावी.

सॉफ्टवेअरसाठी कोहा या मुक्त स्रोत (कोणालाही विनाशुल्क वापरता व बदलता येणाऱ्या) ग्रंथालय प्रणालीचा विचार अवश्य करावा. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या लहानशा भागातील सार्वजनिक ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती; तेव्हा न्यासाने ही प्रणाली स्वतःसाठी बनवून घेतली, ती २००० च्या आरंभी वापरात आली आणि पुढे जगभरातील ग्रंथालयांना खुली झाली. ती युनिकोड मराठी उत्तम हाताळते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणालीही आहे. ती मुख्यतः शासकीय ग्रंथालयांसाठी असल्याने आपल्या संस्थेला मिळेल का, हे जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना विचारून घ्यावे. मात्र परवान्याचे शुल्क नाही म्हणजे खर्चच नाही, असे आपण सभेत सांगू नये, कारण ते खरे नाही. प्रणाली बसवणे, प्रशिक्षण, रोजची बॅकअप प्रत आणि अडचण आल्यास धावून येणारा माणूस यांसाठी पैसे लागतातच. फरक असा की ते पैसे कामाला जातात आणि पुढे पुरवठादार बदलला तरी नोंदी आपल्याच हाती राहतात.

प्रणाली कोणतीही घ्या, पण करारात काही गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात. सर्व माहितीची मालकी वाचनालयाची राहील आणि मागितल्यावर ती विनाशुल्क, युनिकोडमध्ये व मार्क २१ सारख्या, ग्रंथनोंदींसाठी ग्रंथालयांत रूढ असलेल्या प्रमाणित स्वरूपात मिळेल, ही अट सर्वांत महत्त्वाची आहे. ती मागच्या वेळी असती तर कंपनी बंद पडल्याने आपण आज अडलो नसतो. संकेतस्थळाचे नाव संस्थेच्या नावावर नोंदलेले असावे आणि प्रणालीचा मुख्य पासवर्ड संस्थेच्या तिजोरीत असावा, नाहीतर घर आपले आणि किल्ली शेजाऱ्याकडे अशी अवस्था होते. सगळे पैसे आगाऊ देऊ नयेत. नोंदींचा एक ठरलेला भाग तपासून बरोबर आढळला की त्याचा हप्ता, आणि ग्रंथपालांनी काम समाधानकारक असल्याचे लेखी दिल्यावरच शेवटचा हप्ता, असे ठरवावे. याखेरीज पुरवठादाराकडून पुढील पाच वर्षांच्या खर्चाचा अंदाज लेखी मागावा: वार्षिक देखभाल करार, यूपीएसच्या बॅटऱ्या, सर्व्हरचे भाडे, एसएमएसचे शुल्क, वाढीव वीज. निधी एकदाच मिळतो, हे खर्च मात्र दरवर्षी येतात आणि ते सभासदांच्या वर्गणीतून भागवावे लागतात. हा आकडा सभेपुढे ठेवला की उत्साहाने बोलणारे सदस्यही थांबून विचार करतात.

वस्तूंसाठी लाखो रुपये मिळतात आणि नोंदी करणाऱ्या माणसासाठी काही हजार मिळत नाहीत, हे आपल्याच नव्हे, बहुतेक सार्वजनिक संस्थांचे दुःख आहे. यंत्राचे उद्घाटन करता येते, त्यावर देणाऱ्याचे नाव लिहिता येते, निधी खर्च झाल्याच्या उपयोगिता प्रमाणपत्राला त्याची पावती जोडता येते. ग्रंथपालाला प्रशिक्षण दिल्याचा फलक लागत नाही. अनुदानित वाचनालयांतील कर्मचारी किती तुटपुंज्या वेतनावर काम करतात हे आपल्याला ठाऊकच आहे. याचा परिणाम काय होतो हे इतरत्रही दिसले आहे. पेरू देशाने ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या कार्यक्रमाखाली ग्रामीण शाळांत लॅपटॉप वाटले. आंतर-अमेरिकन विकास बँकेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ३१९ शाळांच्या अभ्यासात असे आढळले की दर विद्यार्थ्यामागे संगणकांचे प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेले, पण गणित आणि भाषा या विषयांतील गुणांत फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. याउलट केरळने २००१ मध्ये सुरू केलेल्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पात शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर दिला, पुढे शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर आणल्या, आणि त्याच प्रकल्पातून २०१७ मध्ये काइट ही शासकीय कंपनी उभी राहिली. पैसा केरळनेही खर्च केला. पण संगणक चालवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे ज्ञान शाळांमध्येच राहील याकडे लक्ष दिले.

३१ मार्चच्या दडपणाबद्दल. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत घाईने खर्च करणे हा वित्तीय औचित्याचा भंग मानला आहे. ते नियम आपल्या वाचनालयाला थेट लागू नसले तरी तत्त्व तेच आहे, आणि निधी देणाऱ्या कार्यालयाला ते चांगले माहीत असते. म्हणून त्या कार्यालयाला याच आठवड्यात पत्र लिहून विचारावे की नोंदींचे रूपांतर, उर्वरित नोंदी, बारकोड आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांवर हा निधी खर्च करता येईल का, सुधारित अंदाजपत्रक चालेल का, आणि मुदतवाढ मिळेल का. उत्तर नकारार्थी आले, तरी उत्तम स्थितीतील मोजक्या वस्तू घेऊन उरलेली रक्कम परत करण्यात कमीपणा नाही. परत गेलेले पैसे दुसऱ्या एखाद्या गावच्या वाचनालयाच्या उपयोगी पडतील. गोदामात पडलेले फाटक कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

अध्यक्षांशी भर सभेत वाद घालू नका. त्यांच्या घरी जाऊन, ग्रंथपालांनी केलेली कामांची यादी आणि पाच वर्षांच्या खर्चाचा कागद त्यांच्यापुढे ठेवून, ‘हे काम आपल्याच पुढाकाराने व्हावे’ असे सांगावे. सगळे ग्रंथ मराठीत शोधता येतात असे आपले वाचनालय व्हावे, ही कल्पना त्यांना दारातल्या फाटकापेक्षा नक्कीच अधिक भावेल. एवढे करूनही मंडळाने मूळ प्रस्तावच बहुमताने मंजूर केला, तर आपला मतभेद कारणांसह इतिवृत्तात नोंदवण्याची विनंती लेखी करावी आणि इतिवृत्ताची प्रत स्वतःजवळ ठेवावी. दरपत्रके स्वतंत्रपणे मागवलेली नसतील, तर बहुमत असले तरी धनादेशावर सही करू नये आणि तसे अध्यक्षांना पत्राने कळवावे.

हे सगळे होईपर्यंत एक काम मात्र थांबवू नये, आणि त्याला कोणाची मंजुरीही लागत नाही. जुन्या सॉफ्टवेअरमधील नोंदींची संपूर्ण प्रत, ती ज्या फॉन्टमध्ये आहे त्या फॉन्टच्या फाइलसह, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी. त्यांतील एक वाचनालयात आणि दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. जुने संगणक भंगारात काढण्याची चर्चा सुरू झालीच आहे, तेव्हा हे याच आठवड्यात उरकावे.